मोरूचा डाग

भागुबाईने फडकं सोडलं, कट्यार पुढे धरली, आणि सखुबाईच्या तोंडातून शिवी फुटली नाही. गावात जो कुणी सखुबाईला ओळखतो त्याला एवढ्यावरूनच कळेल की प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं. शिवी द्यायला या बाईला कारण लागत नसे. शेजारची कोंबडी उंबऱ्यावर चढली तरी कोंबडीच्या मालकाच्या सात पिढ्यांची उजळणी व्हायची. आणि आज ही बाई गप्प!

"बघ वयनी, कशी झालीय!" भागुबाई म्हणाली. "ताटासारखी लख्ख. तोंड बघून घे त्यात."

सखुबाईने बघितलं. पात्यात तिला आपलं नाक दिसलं, कपाळावरचं कुंकू दिसलं, मागे ओटीवर बसलेल्या नवऱ्याचा, नामाचा, पांढरा बनियनसुद्धा दिसला. जे दिसायला हवं होतं ते मात्र कुठे दिसेना. तिने पातं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"डाग कुठं हाय?"

"गेला. माज्या केतनने उरणला बफिंगवाल्याकडं नेली व्हती. मशीनवर धरली नि बघता बघता साफ."

"भागू, माज्या मोरूचा डाग कुठं हाय?"

आता हा डाग काय ते सांगायला हवं. नाहीतर लोक म्हणतील, पातं चमकलं तर म्हातारीच्या पोटात का दुखलं.

ही कट्यार सगळ्या भावकीची. हातभर लांब, सरळ पात्याची, शिंगाच्या मुठीची. ती आंगऱ्यांच्या गलबतावरून आली म्हणणारे आहेत, आणि कुणा पणज्याने मिठाच्या गोणी देऊन घेतली म्हणणारेही आहेत. दोघेही ठोकून देतात. खरं एवढंच, की भावकीत कुठल्याही पोराचं लग्न असलं की हळदीच्या संध्याकाळी अंगभर हळद माखलेला नवरदेव वाजतगाजत नामाच्या दारात येतो. घरची सवाशीण उंबऱ्यावर उभी राहते, कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचते आणि कट्यार त्याच्या हातात देते. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिने उंबऱ्यावरून हलायचं नाही, आणि नवरी घरात येईपर्यंत त्याने कट्यार हातातून सोडायची नाही. लिंबू तर काढायचंच नाही. मग लिंबाचा रस पात्यावरून ओघळतो, आणि पोलाद जुनं, ते रस लागला की काळं पडतं. तो डाग घासायचा नसतो. खोबरेल चोळायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि भाताच्या कणग्यात ठेवून द्यायचं. आमच्या खाऱ्या हवेत दाराची कडीसुद्धा दोन पावसाळे काढत नाही, पण कट्यार टिकली ती त्या तेलावर.

असे एकावर एक डाग चढले होते. सासऱ्याचा कुठला, नामाचा कुठला, हे सखुबाई बोट ठेवून दाखवायची. सगळ्यात वरचा मोरूचा. मोरू तिचा एकुलता एक. लग्नाला वर्ष व्हायच्या आत बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरने त्याची मोटारसायकल उडवली. त्याला सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत भावकीतल्या एकाही घराने कट्यार मागितली नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण दर लग्नात नवरदेवाच्या हातात दुकानातली, लाल-हिरवे खडे चिकटवलेली सुरी दिसायची, आणि सखुबाई जेवणाच्या पंगतीतून अर्धी भाकरी टाकून उठायची.

म्हणून भागुबाईचा केतन जेव्हा म्हणाला, "काकी, मला आपलीच कट्यार पाहिजे, आणि दोन दिवस आधी द्या, फोटो काढायचेत," तेव्हा सखुबाईला आभाळ ठेंगणं झालं होतं. केतन सख्ख्या धाकट्या दिराचा पोर, मोरूच्या मागेमागे फिरत वाढलेला. रेवसची अमिषा त्याची नवरी ठरली होती. सखुबाईने कट्यारीला हळदकुंकू लावून, स्वतःच्या हाताने ती त्याच्या ओंजळीत ठेवली. आणि ही अशी परत आली!

"खरं सांगू वयनी?" भागुबाईने पदर सावरला. "मीच सांगितलं त्याला, घासून आन म्हनून. मोरूच्या हातात हीच व्हती. वरीस न्हाय भरलं नि पोर गेला. तो डाग माज्या केतनच्या हातात नको. मी बी आईच हाय."

"म्हंजे माजा पोर अपशकून?"

"मी तसं न्हाय म्हनाले."

"मग कसं म्हनालीस? गोड करून म्हनालीस?" आता बांध फुटला. "भागे, तुज्या जिभेला काय हाड? त्याच मोरूच्या खांद्यावर बसून तुजा पोऱ्या जत्रा बघत व्हता. तुज्या घरावर कौलं चढवायला तोच व्हता. तवा न्हाय लागला गो त्याचा डाग? मेला तसा अपशकुनी झाला? घासला! तव्यावरची काजळी घासावी तसा माजा पोर घासला तू!"

"उद्या हळद हाय, ओरडू नको."

"ओरडनार! रेवसपर्यंत ऐकू जाईल असं ओरडनार. तुज्या व्याह्याला बी कळू दे."

"न्हाय द्यायची तर नको देऊस. दुकानातली आनते."

"कट्यार जाईल," सखुबाई म्हणाली. "माज्याच दारातून जाईल. पन जाईल ती मोरूचा डाग घेऊन. तुज्या पोऱ्याच्या हातात तो डाग मी घालनार म्हंजे घालनार. चल, नीघ!"

भागुबाई निघाली ती तोंडाने पुटपुटतच. ओटीवरून नामा म्हणाला, "जाऊ दे गो," आणि त्या तीन शब्दांबद्दल त्याला पुढचा तासभर ऐकून घ्यावं लागलं. नामाचा जन्म मिठागरात गेला होता, उन्हात उभं राहायची सवय होती त्याला. त्याने ऐकून घेतलं.

मग सखुबाईने टोपलीतली सगळी लिंबं कापली आणि पात्याच्या टोकाला चोळायला बसली. चोळलं, ठेवलं, पुन्हा चोळलं. दुपार कलली तरी टोकाला नुसता एक फिक्कट, राखाडी पट्टा आला, म्हशीच्या ओल्या अंगावर राख उडावी तसा. एवढ्या वर्षांचं काळं एका दुपारच्या लिंबात यायचं असतं का? पण रागावलेल्या माणसाला हिशोब सांगायला जावं कुणी! तिने सालं अंगणात फेकली आणि सुनेची वाट बघत बसली.

सून म्हणजे दिशा, मोरूची बायको. उरणच्या बाजारात इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे कामाला जाते. मोरू गेल्यावर माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. का गेली नाही हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलंही नाही. दिवेलागणीला तिची स्कूटी अंगणात आली, तशी सखुबाई उठली.

"ते तुजं पानी काढ. ते तांबं खानारं."

तांबं खाणारं पाणी म्हणजे फेरिक क्लोराईड. दिशा कधीकधी घरी इन्व्हर्टरचे सर्किट बोर्ड बनवायची, तेव्हा नको ते तांबं त्यात विरघळून जायचं. एकदा त्याचा थेंब मोरीतल्या स्टीलच्या नळावर उडाला आणि नळ काळा पडला. त्या नळावरून सखुबाईने घर डोक्यावर घेतलं होतं. आज तोच काळा रंग तिला हवा होता.

दिशाने झालेलं सगळं ऐकलं. पातं दिव्याकडे धरून बघायला ती वाकली, पण हात मागेच ठेवला. "हातात घेऊ?"

"मग काय पायात घेशील? घे!"

तिने घेतली. अंगठा पात्याच्या कडेने हळूच फिरवला.

"मशीनने वरचा थरच उडवलाय, आई," ती म्हणाली. "खाली काही राहिलेलं नाही."

"ते मना नको सांगू. काळं करता येतं का न्हाय?"

"काळं करता येतं."

"मग कर. व्हता तिथं, व्हता तसा."

मागच्या पडवीत तिने सगळं मांडलं. आधी साबणाने पातं धुतलं, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. "बोट लावू नका, तेलकट बोट लागलं तर तेवढंच पांढरं राहील," म्हणाली. हातात रबरी मोजे चढवले. प्लास्टिकच्या उभट डब्यात पाणी घेऊन त्यात ते औषध ओतलं, कोऱ्या चहासारखा रंग आला. मग आतून नेलपॉलिशची बाटली आणली. जिथे काळं नको तिथे नेलपॉलिश लावायचं, म्हणजे औषध तिथे पोचत नाही. उघडं राहील तेवढंच काळं होतं.

"कसा होता सांगा," दिशा म्हणाली आणि ब्रश घेऊन बसली.

सखुबाई पुढे सरकली. हे काम तिचं होतं. "टोकापासून धर. इथं रुंद. मग खाली येत गेला, नि उजव्या अंगाला त्याचा लांब ओघळ."

दिशाचा ब्रश थांबला. "डाव्या अंगाला."

"उजव्या."

"आई, डाव्या. लिंबू बसवलं तेव्हा त्याने कट्यार अशी तिरकी धरली होती. मी शेजारीच उभी होते दुसऱ्या दिवशी, बोहल्यावर. रस माझ्या शालूवर गळत होता."

"मी आई हाय त्याची! मना शिकवतेस? सहा वरसं मी त्याला तेल लावतेय, दर दसऱ्याला काढून बघतेय. तू कवा नीट बघितलास तो?"

हे वाक्य बोलून गेल्यावर सखुबाईला ते परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तोंडातून सुटलेलं आणि खाडीत पडलेलं परत येत नाही.

दिशाने ब्रश बाटलीत ठेवला. झाकण फिरवून घट्ट केलं.

"नाही बघितला," ती म्हणाली. "कसा बघणार? तो गेल्यापासून तुम्ही मला हात कुठे लावू दिलात? दसऱ्याला तुम्ही कणग्यातून काढायचात, मी दारातून बघायचे. एकदा फडकं बदलायला गेले तर म्हणालात, नको गो, लग्नकार्याची वस्तू हाय. आठवतंय?"

सखुबाईला आठवत होतं.

"आज दिलीत हातात. काम पडलं म्हणून. मी विचारलं, घेऊ का? तुम्हाला कळलंसुद्धा नाही मी का विचारलं ते."

"दिशा, आवाज खाली कर."

"का? तुम्ही रेवसपर्यंत ओरडलात, मी पडवीपर्यंतसुद्धा नाही?" दिशा उभी राहिली. सहा वर्षांत या पोरीचा आवाज इतका चढलेला सखुबाईने ऐकला नव्हता. "भागूकाकींनी पात्याला एकदा अपशकुनी म्हटलं तर तुम्हाला आग लागली. मला तुम्ही सहा वर्षं म्हणताय. कुणाची हळद असली की, दिशा आत बस. कुणाची ओटी भरायची, दिशा चहाचं बघ. गोड आवाजात म्हणता, मला बाजूला घेऊन म्हणता, पण म्हणता तेच. त्यांनी मशीनवर घासलं, तुम्ही हाताने घासताय. मोरूचं काय राहिलंय या घरात? तो काळा ठिपका? मी नाही?"

सखुबाईने तोंड उघडलं. तिच्याकडे शिव्यांचं कोठार होतं, पण त्यातली एकही या जागी बसेना. राग मात्र आला. आधी पोरीचा आला, उलट बोलते म्हणून. मग भागूचा आला, हे सगळं तिच्यामुळे म्हणून. आणि फिरून फिरून तो तिच्याच उरावर येऊन बसला, तिथून हलेना.

दिशाने थिनरच्या बोळ्याने लावलेलं नेलपॉलिश पुसून टाकलं. "डावीकडे पण नको नि उजवीकडे पण नको," ती म्हणाली. "आकार काढून मोरू येत नाही. सगळंच सारखं काळं करते. ताटासारखं चमकणार नाही एवढं नक्की. पण हा त्याचा डाग म्हणून कुणाला सांगू नका."

तिने पातं औषधात उभं सोडलं. आरसा बघता बघता मेला, आधी राखाडी झाला, मग करडा, मग ढगासारखा काळसर. तिने काढलं, नळाखाली धरलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं, म्हणजे औषधाचं खाणं थांबतं. पुन्हा धुतलं. तीनदा तसं केलं. मग कोरडं करून खोबरेल चोळलं, आणि कट्यार सखुबाईच्या हातात न देता तिच्यासमोर पाटावर ठेवली.

"घ्या," म्हणाली. "लग्नकार्याची वस्तू आहे."

आणि आत जाऊन भात लावला.

सखुबाई त्या रात्री जेवली नाही. नामाने विचारलं, तर म्हणाली, "तुजी सून मना काय काय बोलली, ऐकलंस न्हाय?"

"ऐकलं," नामा म्हणाला. "खोटं काय बोलली तेवढं सांग."

त्यालाही ती काहीतरी बोलली, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवात ताशा सुरू झाला. भागुबाईच्या अंगणात केतनला हळद लागली, पोरं नाचली, ड्रोन आंब्यावरून घिरट्या घालून गेला. धवलारीण, म्हणजे जिच्या गाण्यावाचून आमच्यात लग्नाचा एकही विधी पुढे सरकत नाही ती बाई, पुढे झाली आणि तिच्यामागे सगळा लोंढा नामाच्या दाराशी आला. नवरदेव मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. धवलारणीने सूर लावला, आता कट्यार द्यायची असं गाणं आलं.

उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

गाण्याचं ते कडवं पुन्हा झालं. तिसऱ्यांदाही झालं. धवलारणीने घसा खाकरून पाणी मागितलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

सखुबाई आत होती, स्वयंपाकघरात. नवी नऊवारी नेसलेली, नाकात नथ, कपाळभर कुंकू. दिशा चुलीसमोर परात घेऊन तांदळाचं पीठ मळत होती, कारण हळदीच्या संध्याकाळी तिची जागा ती होती. सखुबाई आली, कट्यार मांडीवर घेतली आणि तिच्या शेजारी फरशीवर बसली. लिंबू पुढ्यात ठेवलं.

"आई, बाहेर बोलावतायत," दिशा म्हणाली.

"बोलवू दे."

"जा ना. लोक थांबलेत."

"तू येतेस का?"

दिशाने परातीतून मान वर केली नाही. "भागूकाकींना दाखवायला मला नेऊ नका, आई. तुमच्या भांडणात मी नाही येणार."

"मग मी बी न्हाय जानार," सखुबाई म्हणाली. "सवाशिनीने द्यायची तर सवाशीन हितं बसलीय. बघू कोन उठवतो."

बाहेरून भागुबाईचा आवाज आला. "वयनी! मुहूर्त चाललाय!"

"चालू दे!"

"अगो, पोऱ्या हळदीने माखून उभा हाय. काय हा तमाशा? बाहेर ये!"

"मी माज्या सुनेजवळ बसलीय. ज्याला कट्यार हवी तो आत येईल."

क्षणभर ताशासुद्धा थांबला. मग भागुबाई जे बोलली ते अख्ख्या अंगणाने ऐकलं. "त्या पांढऱ्या पायाच्या बाईच्या खोलीत माजा नवरदेव जानार न्हाय! ऐकतेस? एकाला खाल्लं तेवढं पुरे झालं!"

दिशाचे हात पिठात थांबले. सखुबाई उठायला लागली, आणि आज खरोखर तिने भागुबाईच्या झिंज्या धरल्या असत्या. पण तेवढ्यात ओटीवर गडबड झाली. "केतन! अरे केतन, थांब!" भागुबाईने पोराचा दंड धरला, पण अंगाला हळद आणि तेल, हात निसटला. ओटी, माजघर ओलांडून केतन स्वयंपाकघराच्या दारात आला. ओले पिवळे पाय उमटवत आला. चुलीचा धूर त्याच्या डोळ्यांत गेला होता, की तसेच लाल झाले होते, कोण जाणे.

सखुबाई पुन्हा खाली बसली. तिने कट्यार मांडीवरून उचलली आणि दिशासमोर, परातीच्या कडेला ठेवली.

केतनने काकीकडे बघितलं नाही. "वहिनी," तो म्हणाला, "दे."

"तुझ्या आईला विचारलंस?"

"नाही."

"मशीनवर नेताना तिचं ऐकलं होतंस."

केतनने मान खाली घातली. "आई बोलली घासून आण, मी नेली. मला वाटलं, मस्त चमकेल, व्हिडिओत भारी दिसेल. मोरूदादाचा डाग त्यात आहे हे मला खरंच कळलं नाही."

"कळलं नाही असं म्हणू नकोस." दिशाच्या आवाजात रडणं नव्हतं, संताप होता. "लहानपणापासून बघितलायस. विचार केला नाहीस असं म्हण."

"विचार केला नाही," केतन म्हणाला.

"आणि आता बाहेर तुझी आई काय बोलली ते ऐकलंस?"

"ऐकलं. म्हणून तर आत आलो."

बाहेर भागुबाईचं रडं सुरू झालं होतं, बाया तिला समजावत होत्या. दिशा बसून राहिली. सखुबाईच्या ओठांवर आलं होतं, दे गो बाय, किती वाट बघायला लावतेस. पण जन्मात पहिल्यांदा तिने ओठांवर आलेलं गिळलं. पोरीला जेवढा वेळ हवा तेवढा घेऊ दे, असं मनाशी म्हणून ती भिंतीला टेकून बसली.

दिशा उठली. पिठाचे हात तिने धुतले नाहीत, कमरेमागे साडीला पुसले. कट्यार मुठीने उचलली. काळं पातं चुलीच्या उजेडात जराही चमकलं नाही. तिने लिंबू घेतलं आणि टोकावर दाबलं, इतक्या रागाने दाबलं की टोक आरपार निघालं आणि रसाची धार पात्यावरून तिच्या बोटांवर आली.

"चल," ती म्हणाली. "चुलीपुढे देत नाहीत. उंबऱ्यावर देतात."

ती पुढे, नवरदेव मागे, अशी दोघं माजघरातून गेली. सखुबाईला आतून दिसलं ते एवढंच: दार, दारात दिशाची पाठ, कमरेमागे साडीवर पिठाचा पांढरा हात उमटलेला, आणि त्यापलीकडे गप्प झालेलं अख्खं गाव. दिशाने कट्यार केतनच्या हातात दिली.

"घट्ट धर," ती म्हणाली, आणि हे तिने अंगणभर ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि परत आणशील तेव्हा पुसून आणू नकोस. डाग जसा पडेल तसा आण."

धवलारीण शहाणी बाई. तिने कुणाच्या तोंडाकडे न बघता पुढचं कडवं उचललं. ताशेवाल्याने काठी मारली. लोंढा हलला, भागुबाईही डोळे पुसत त्याच्याबरोबर हलली, कारण पोराला सोडून ती जाणार कुठे. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत उंबऱ्यावरून हलायचं नसतं. दिशा हलली नाही.

चुलीवर तवा तापून धुरावला होता आणि परातीतलं पीठ वाळायला लागलं होतं. सखुबाईने नथ काढून फळीवर ठेवली, नवी नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचली आणि परातीसमोर सुनेच्या जागेवर बसून भाकरी थापायला घेतली.

"हळू गो," ओटीवरून नामा म्हणाला, "परात फुटेल."

"फुटू दे," सखुबाई म्हणाली.